फायटरची जोडी

चार दिवसांसाठी रेस्ट हाऊस मिळावं आणि नेमक्या आदल्या दिवशी माशांना अंडी घालायची बुद्धी व्हावी, हे माझ्याच नशिबात असणार.

मी तेव्हा धुळ्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. तोरणमाळच्या रेस्ट हाऊससाठी वर्षभर साहेबांच्या मागे लागलो होतो, कारण लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी बायकोला शिरपूरच्या पलीकडे कुठे नेलं नव्हतं. याची आठवण ती मला ताटात आमटी वाढताना करून देई, म्हणजे मला उठून जाता येऊ नये.

मासे हे माझं खूळ होतं. वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला असलेल्या एका मित्राने मला फायटर जातीच्या माशांची जोडी दिली होती. नर निळा-तांबडा, लांब पर मिरवत फिरणारा. मादी मळकट, आखूड पराची. घरी आलेला प्रत्येक पाहुणा नराकडे बघून वाहवा करी आणि मग ही दुसरी कोण म्हणून विचारी. यांची पिल्लं वाढवून दाखवायची असा मी चंग बांधला होता. त्यासाठी अंगणातल्या हौदात डासांच्या अळ्या पाळत होतो. मलेरियावाले फवारणीला आले की मी तो हौद पिण्याच्या पाण्याचा आहे असं शपथेवर सांगत असे.

या जातीत संसाराची रीत वेगळी आहे. पाण्यावर केळीच्या वाळक्या पानाचा तुकडा टाकला की त्याच्या आडोशाला नर तोंडाने बुडबुडे सोडून फेसाचं घरटं करतो. मग मादीपुढे सगळे पर उघडून नाचतो. मादीने अंडी घातली की एकेक तोंडात धरून फेसात नेऊन ठेवतो आणि पहारा देतो. इथवर कोणालाही कौतुक वाटेल. पण त्या क्षणापासून मादी त्याला डोळ्यांसमोर चालत नाही. तिला लगेच बाहेर काढावं लागतं, नाहीतर तो तिला मारून टाकतो. मी मादी काढली, काचेच्या बरणीत ठेवली आणि बरणी टाकीशेजारी मांडली. मग सहल पुढे ढकलता येईल का, असं बायकोला विचारलं. तिने पेटीला कुलूप लावलं.

तेव्हा मासे खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंवर सोपवण्यावाचून इलाज नव्हता. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, गावाकडे शेती बटाईने दिलेली, आणि धुळ्यातल्या या घरात त्यांचा शब्द शेवटचा. अक्कांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाच्या जावयाने बायको टाकली, की अक्का पिशवीत नारळ घालून निघत आणि दोन्हीकडच्यांना गप्प करून जोडपं पुन्हा नांदायला लावत. समोरचा, कोपऱ्यावरचा, पिठाच्या गिरणीवाल्यांचा, असे कितीतरी संसार त्यांनी सांधले होते. त्या जोडप्यांपैकी कोणी एकमेकांशी बोलत असे की नाही ते मला ठाऊक नाही, पण नांदत होती सगळी.

त्यांची स्वतःची मुलगी मात्र श्रावणात कानबाईच्या सणाला सासरहून, नरडाण्याहून, आली ती परत गेली नव्हती. विचारलं की "पटत नाही" एवढंच सांगे. पटत नाही हे अक्कांच्या लेखी कारणच नव्हतं. त्यांनी सासरी निरोप धाडला होता की दसरा झाल्यावर रविवारी येऊन घेऊन जा. त्यानंतर मुलगी आणखीच गप्प झाली. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून धुणं धुवायची. ही नरडाण्याकडची फॅशन असावी, असं माझ्या बायकोचं मत होतं.

मी दोघींना टाकीपुढे उभं करून सगळं समजावलं. नराला काही घालायचं नाही, टाकीला हात लावायचा नाही, बरणीतल्या मादीला सकाळी चार अळ्या टाकायच्या. बस्स. अक्का बरणीकडे बघत राहिल्या.

"तिनं घर तठे शे ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "बरणीमा कितला दिन राही ती?"

मी म्हटलं, टाकीतल्या त्या घरात आता तिचं काही काम नाही. अक्कांना हे बोलणं आवडलं नसावं. मुलीने हळूच विचारलं की पुन्हा सोडलं तर काय होईल. मारेल, मी म्हणालो. तिने मान हलवली.

तोरणमाळला थंडी होती, तळं होतं, रेस्ट हाऊसच्या खानसाम्याला कोंबडीशिवाय काही येत नव्हतं आणि आम्ही दोघं शाकाहारी. चार दिवस आम्ही बटाटे खाल्ले. बायको खुशीत होती. तळ्याकाठी बसलो की ती ढगांकडे बघे आणि मी मनात अंडी फुटली असतील का याचा हिशोब करी. एकदा तिने विचारलं, कसला विचार करताय, आणि मी म्हणालो, तुझाच.

परत आलो तर घरटं नव्हतं. पानाचा तुकडा कोपऱ्यात अडकलेला, फेस गेलेला, एकसुद्धा अंडं शिल्लक नाही, आणि नर जणू या प्रकरणाशी आपला काही संबंध नसल्यासारखा मधोमध तरंगत होता. बरणीत मादी तळाशी आडवी पडली होती. तिच्या परांच्या चिंध्या झाल्या होत्या, एका बाजूचे खवले उडाले होते. जिवंत होती एवढंच.

मला भयंकर राग आला. किती महिन्यांची खटपट, आणि सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी नको ती एक करून ठेवलेली. मी तसाच जिना उतरून अक्कांना जाब विचारायला निघालो. खाली बायको आधीच पोचली होती. तिने मला दारातच अडवलं, बाहेर अंगणात नेलं आणि अक्कांनी तिला नुकतंच जे सांगितलं होतं ते मला सांगितलं.

आम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी अक्कांना राहवलं नाही. नर शांत दिसत होता. बरणीतली मादी काचेला तोंड लावून त्याच्याकडेच बघते आहे, असं त्यांना वाटलं. मुलगी नको नको म्हणत असताना त्यांनी बरणी टाकीत उपडी केली. नर लगेच सगळे पर उघडून पुढे आला. अक्का खूश झाल्या. घेतलं की नाही घरात, असं मुलीला म्हणाल्या आणि देवपूजेला बसल्या. पूजा उरकून बघतात तो मादी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळत होती आणि नर तिचे लचके तोडत होता. टाकीत लपायला जागाच नव्हती. अक्का नुसत्या काचेवर बोटं वाजवत राहिल्या, जसं काही तो ऐकणार होता. मुलगी धावत आली. टाकी खोल, आणि घाईत तिने बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि हात आत घातला.

अक्कांनी तेव्हा पहिल्यांदा तो हात पाहिला. कोपराच्या वर चटक्यांचे डाग होते. काही जुने, काळे पडलेले. काही अजून तांबूस.

मुलीने मासा ओंजळीत धरून बरणीत सोडला, बाही खाली ओढली आणि केर काढायला गेली. त्या दोघींमध्ये त्या दिवशी काय बोलणं झालं ते बायकोलाही कळलं नाही. दोन दिवस अक्का जेवल्या नाहीत, एवढं शेजारणीने सांगितलं.

मी अंगणातूनच परत वर गेलो. अंड्यांचं मी अक्कांना पुढे कधीच विचारलं नाही. मला त्या मुलीपुढे लाज वाटली, की माझ्या तोंडून "मारेल" ऐकून ती नुसती मान हलवत होती आणि मी आपला माशांबद्दल बोलत होतो.

पण निरोप गेलेला होता. रविवारी सकाळच्या गाडीने जावई आला, सोबत त्याचे काका. काका पांढरी टोपी, जाड चष्मा असे भारदस्त गृहस्थ, बोलण्यात गोड. जावई दिसायला फारच देखणा, हे मला त्या दिवशी खटकलं. मुलीकडून कोणी पुरुष असावा म्हणून अक्कांनी मला बोलावलं होतं. मी सतरंजीच्या कडेला बसलो. आजवर अशा बैठकींत अक्का काय बोलतात ते मी वरच्या मजल्यावरून ऐकलेलं होतं. भांड्याला भांडं लागतंच, पोरीने जरा सोसावं, पुरुषाचा राग किती वेळ टिकतो. प्रत्येक वेळी तेच, आणि प्रत्येक वेळी पोरगी टांग्यात बसायची.

चहा झाला. काकांनी आधी पावसापाण्याचं विचारलं, कापसाच्या भावाचं विचारलं, मग घसा साफ करून म्हणाले की झालं गेलं विसरून जाऊ, मुलीची पिशवी भरली असेल तर दुपारच्या गाडीने निघतो. जावयाने मान खाली घालून फार समजूतदार चेहरा केला होता. आतल्या खोलीत बांगड्या वाजत होत्या त्या थांबल्या.

"ती आठेच राही," अक्का म्हणाल्या. "जागा शे."

मुलगी इथेच राहील म्हणजे मानपान हवा असेल, असं काकांना वाटलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, या वेळी जास्त गोड. अक्का ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी तीच दोन वाक्यं आणखी एकदा म्हटली. मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, साहेब, तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही तरी यांना समजवा. मी म्हणालो, अक्का म्हणतात ते बरोबर आहे.  काकांचा गोडवा तिथे संपला. ज्या बाईने अख्ख्या गल्लीच्या सुना नांदायला धाडल्या, तिची मुलगी घरात बसलेली बघून लोकांनी काय समजायचं, असं त्यांनी विचारलं.

"लोकेसले मी सांगसु," अक्का म्हणाल्या, आणि मुलीला आतून हाक मारून पुरुषांच्या त्या बैठकीत आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं.