शेंदूरजनाघाटात आधी पाणी कोण सोडतं?

बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा थंडी चांगलीच बोचत होती आणि माझ्या बॅगेत गरम कपड्यांपेक्षा प्रश्नावल्या जास्त होत्या. पुण्यात महिनाभर मी भेटेल त्याला सांगत सुटले होते, की मी वऱ्हाडात नेतृत्वाचा अभ्यास करायला निघालेय. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच निवडणूक यायची. मग मी घाईघाईने सांगायची, तसलं नाही हो, संत्रा बागायतदारांमधलं नेतृत्व. त्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं पडायचं, की येताना संत्री आणा.

मी कॉलेजात व्यवस्थापन शिकवते आणि पन्नाशी जवळ आली तरी पीएच.डी. रेटतेय. माझ्या मार्गदर्शक बाई मिश्र पद्धतीच्या कट्टर भक्त आहेत. आधी लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि तिचे आकडे काढायचे. मग त्याच माणसांशी निवांत बोलायचं. शेवटी आकडे आणि बोलणं शेजारी ठेवून ताडून बघायचं. दोन्ही जुळलं की समजायचं, काहीतरी खरं हाती लागलं. न जुळलं तर काय करायचं, हे मात्र विचारायचं राहून गेलं होतं.

अमरावतीच्या बसस्टँडजवळ एका गाडीवर गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा) खायला थांबले. गाडीवाल्याने विचारलं, "तिखट चालते काय?"

"मध्यम," मी म्हटलं.

"मध्यम नाही भेटत बाई. खाचं हाये का नाही खाचं, तेवढं सांगा."

माझ्या प्रश्नावलीत प्रत्येक विधानापुढे एक ते पाच आकडे होते आणि त्यातला मधला 'सांगता येत नाही' असा होता. तो पर्याय इथे चालेल की नाही, अशी पहिली शंका मला त्या गाडीवर आली. वडा तिखटच निघाला. डोळे पुसत मी वरुडच्या बसमध्ये बसले.

मोर्शीच्या पुढे कपाशी आणि तूर मागे पडली आणि संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. वरुडहून ऑटोने शेंदूरजनाघाटला पोचले तेव्हा दुपार कलली होती. सुधाकरभाऊ हे माझ्या एका सहकाऱ्याचे मावसभाऊ. त्यांच्या मळ्यातल्या घरीच माझी सोय होती. घर बागेच्या मधोमध. पानं वळून मलूल झालेली, खाली वाळक्या पानांचा थर, फळ एकही नाही.

"झाडांना रोग पडलाय का?" मी विचारलं.

सुधाकरभाऊ हसले. "रोग काहून पडंन? ताणावर हाये बाग."

त्यांच्या बायकोने, मंदावहिनींनी, मला नीट समजावलं. "दोन महिने पाणी तोडलं मॅडम. उपाशी ठेवलं झाडायले. आता उपास सोडला का फुलते."

"मग सोडायचा कधी?"

दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. सगळी मेख तिथेच होती. पाणी लवकर दिलं तर झाड नुसता पाला फेकतं, फूल धरत नाही. उशीर झाला तर फांद्या शेंड्याकडून वाळून सल (वाळकी काडी) निघते. वर्षाचं पीक त्या एका पाण्यावर. मागच्या वर्षी यांची घाई झाली होती.

"नुसता पाला आला," मंदावहिनी म्हणाल्या. "झाडं अशी हिरवीगार, का रस्त्यानं जानारा थांबून पाहे. न फळ पाहाले नाही. औंदाही तसंच झालं त कसं करावं, सांगा बरं?"

मला काय कळत होतं!

दुसऱ्या दिवशी बागायतदारांच्या सोसायटीच्या ओट्यावर प्रश्नावल्या वाटल्या. प्रत्येकाने एकट्याने, शेजाऱ्याचं न बघता भरायची, हे मी दोनदा बजावलं. सगळ्यांनी हो म्हटलं, चहा मागवला आणि गोल करून बसले.

"तू किती देल्ले रे?"

"पाच."

"मंग मी चार काहून देऊ? अध्यक्षाले वाईट वाटंन."

"न मॅडम पुन्याहून आल्या. त्यायले बी वाईट वाटंन."

सोसायटीचे अध्यक्ष तिथेच उभे राहून बिस्किटं वाटत होते. 'शेतीचा निर्णय घेताना तुम्ही कोणाच्या मागे जाता?' या प्रश्नाखाली सगळ्यांनी त्यांचंच नाव लिहिलं. अध्यक्षांनीही आपली प्रश्नावली भरली आणि त्या जागी स्वतःचंच नाव घातलं. आकडे इतके गुळगुळीत आले, की पाहून मला आनंद व्हायच्या ऐवजी धडकी भरली.

संध्याकाळी सुधाकरभाऊंची मुलाखत घेतली. "अध्यक्ष पाणी सोडतील तेव्हा तुम्ही सोडणार का?"

"अध्यक्ष?" ते खरंच चकित झाले. "त्यायचं खताचं दुकान हाये. ते चांगले हायेत, पन त्यायचं पाहून पाणी कोन सोडते?"

"मग कोणाचं पाहून सोडता?"

"पुष्पाकाकूचं. काकूनं सोडलं का मी सोडतो. मी सोडलं का मंग ही सगळी बाजू सोडते."

"पण तुम्ही स्वतः का ठरवत नाही? इतकी वर्षं बाग करताय."

त्यांनी एक वळलेलं पान तोडून हातावर घेतलं. "एकट्यानं सोडलं न चुकलं, त सुधाकर चुकला. सगळ्याइनं सोडलं न चुकलं, त वातावरण चुकलं. मांगच्या साली मी कोनाले न सांगता रातीच सोडलं, न एकटाच चुकलो मॅडम."

हे कुठल्या रकान्यात बसवायचं, मला समजेना. आकडे एक सांगत होते, माणूस भलतंच सांगत होता, आणि दोन्ही सुधाकरभाऊच! तरी मनातून मी खूश होते. नाव नसलेली, पद नसलेली खरी नेता सापडली, असं वाटून रात्री मी मार्गदर्शक बाईंना लांबलचक मेसेजही टाकला.

पुष्पाकाकूंची बाग रस्त्याला लागून आहे, त्यामुळे तिच्यात काय चाललंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. काकू साठीच्या. गेल्या-गेल्या जेवायलाच बसवलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची), वर मूठभर सांबार (कोथिंबीर). जेवता-जेवता मी विचारलं, "काकू, पाणी कधी सोडायचं ते तुम्ही कशावरून ठरवता?"

"मी?" काकूंचा घास हातातच राहिला. "बाप्पा! मी कायले ठरवू? माहा भाऊ अकोल्याले राह्यते. फळबागेचा सायेब होता. त्याचा फोन आल्याशिवाय मी पाण्याले हात नाही लावत."

"आला का फोन?"

"नाही न आला अजून. झाडं पाहून जीव वरखाली होऊन राह्यला माहा."

काकूंचाही जीव टांगणीला आहे, हे बघून माझं कालचं शोध लागल्याचं सुख ओसरलं. पण धागा हातात होता. मी अकोल्याला जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी पहाटे मंदावहिनींनी विचारलं, "मॅडम, आंग धुता न?" (आंघोळ करता ना?) घरच्या टाकीत पाणी नव्हतं, म्हणून सुधाकरभाऊंनी विहिरीवरची मोटर चालू केली. मोटर धडधडत होती, चुलीवर पाणी तापत होतं आणि बागेतली झाडं तशीच कोरडी उभी होती. इतक्या तहानलेल्या झाडांसमोर बादल्या रिकाम्या करताना मला जरा लाजच वाटली.

अमरावतीपर्यंत बस, बडनेऱ्याहून रेल्वे आणि अकोला स्टेशनवरून ऑटो. ऑटोवाल्याने मला चुकीच्या कॉलनीत नेलं आणि वर मलाच विचारलं, "पत्ता बराबर काहून नाही सांगत?" इंगळे साहेबांच्या घरी पोचले तेव्हा पार दमले होते. साहेब म्हणजे पुष्पाकाकूंचे भाऊ, निवृत्त फळबाग अधिकारी, अत्यंत नीटनेटके. पुण्याच्या पाहुण्यांशी आवर्जून पुस्तकी मराठीत बोलणारे.

"तुम्ही तिकडूनच येताय ना?" मी खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी विचारलं. "सुधाकरकडे उतरला होता? त्याची मोटर वगैरे चालू दिसली का?"

मी रेकॉर्डरची वायर सोडवत होते. "हो, आज सकाळी चालू होती की," मी म्हटलं.

"अस्सं!" म्हणून ते आत गेले. बराच वेळ फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. मी वायर सोडवत राहिले.

चहा घेऊन ते बाहेर आले, तेव्हा फार मोकळे दिसत होते. मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला. पाण्याचा दिवस ते कशावरून ठरवतात? माती? तापमान? पानांचा रंग?

"खरं सांगू?" इंगळे साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "नोकरीत असताना मी हे सगळं लोकांना सांगायचो. पण इथे अकोल्यात बसून मला तिथलं पान दिसतं का? मी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून सुधाकरवर नजर ठेवतो. पक्का माणूस आहे. त्याने सोडलं की मी पुष्पाला फोन करतो."

मी कागदावर तीन नावं लिहिली आणि बाण काढले. सुधाकरभाऊ बघतात काकूंकडे, काकू भावाकडे, भाऊ सुधाकरभाऊंकडे. तिसरा बाण पहिल्या नावावर येऊन टेकला. कागद फिरवून बघितला, तरी तेच. एवढा प्रवास करून मी शोधत होते तो नेता कुठेच नव्हता. तिघं एकमेकांसाठी थांबले होते आणि तिकडे झाडं वाळत होती. स्टेशनजवळच्या लॉजवर त्या रात्री मी प्रबंधाचं नाव बदलावं की विद्यापीठ बदलावं, असा विचार करत पडले.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या प्रश्नावल्या घ्यायला परत शेंदूरजनाघाटला आले. गावाजवळ ऑटो थांबला आणि मला आवाज ऐकू आला. ह्या बाजूला मोटर, त्या बाजूला मोटर, जिकडेतिकडे मोटरी. आळ्यांमधून पाणी चकाकत होतं आणि भिजलेल्या काळ्या मातीचा वास सुटला होता. सुधाकरभाऊ गुडघाभर चिखलात उभे राहून हात हलवत होते.

"काकूनं सोडलं मॅडम, काल सांजीले! मंग मी बी सोडलं. आज सकाळपासून ही सगळी बाजू सोडून राह्यली!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इंगळे साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर, आतला फोन. ह्या सगळ्या बागांमधलं पाणी माझ्या आंघोळीवरून सुटलं होतं.

गप्प बसणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी ओसरीवर बसून मी दोघांना सगळं सांगितलं. मंदावहिनींनी तोंडाला पदर लावला, हसायला की कशाला ते कळलं नाही. सुधाकरभाऊ उठले, बागेच्या कडेला गेले आणि एका झाडाची पानं चाचपून आले. मला रडू येत होतं. माझा प्रबंध बुडाला तर एका बाईचा प्रबंध बुडेल. ह्यांच्या झाडांवर पुन्हा नुसता पाला आला, तर?

"पाणी बंद करता येईल का?" मी विचारलं.

"पेलं झाडायनं. आता कायचं बंद करता?" ते पुन्हा ओसरीवर बसले. "तुमी कोनाले सांगू नका मॅडम. सगळ्याइनं सोडलं हाये, त मले तेवढं भेव नाही. पन हे समजलं, का सगळे मलेच धरतीन. सुधाकरच्या मोटरीनं घात केला म्हनतीन."

मी शब्द दिला. निघताना मंदावहिनींनी जवसाची चटणी बांधून दिली. संत्री नव्हतीच कुठे, त्यामुळे पुण्यात सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

मार्गदर्शक बाईंनी आकडे पाहिले, मुलाखती ऐकल्या आणि विचारलं, "हे जुळत का नाही?" मी म्हटलं, मला माहीत नाही. अभ्यासकाने दूर उभं राहून बघायचं असतं, असं मी वर्गात शिकवते. त्या दिवसांत शिकवताना जीभ अडखळायची. झोपेत मोटरी ऐकू यायच्या. खिडकीतल्या कुंडीतल्या तुळशीला पाणी घालतानासुद्धा हात थांबायचा.

मग एके दिवशी स्टाफरूममध्ये असताना मंदावहिनींनी पाठवलेला फोटो आला. झाडाला पानापेक्षा फूल जास्त होतं. आनंदाने माझे डोळे भरून आले आणि शेजारच्या बाईंना काय झालं ते सांगता येईना. दिवस बरोबर होता, की त्या वर्षी हवाच चांगली होती? इंगळे साहेब म्हणाले, दिवस अगदी नेमका धरला आपण. काकू म्हणाल्या, भाऊ सांगते ते खोटं नसते. मला आजही समजलेलं नाही. प्रबंधात मी एवढंच लिहिलं, की आधी कोणीतरी पाणी सोडलंय असं प्रत्येकाला वाटावं लागतं. ते खरं असायलाच पाहिजे असं नाही. मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून ठेवली आहे.

झाडांवरून फळ उतरलं, नवं वर्ष लागलं, थंडी पडली. एका सकाळी सुधाकरभाऊंचा फोन आला. बाग ताणावर आहे, पानं वळलीत, सगळे वाट पाहून राहिलेत, असं सगळं सांगून झालं. मग त्यांनी हळूच विचारलं.

"मॅडम, औंदा आंग धुवाले कवा येता?"

मी हसले. "अहो, मला काय विचारता? इंगळे साहेबांना विचारा."

"त्यायलेच इचारलं," सुधाकरभाऊ म्हणाले. "ते म्हने, मॅडमले इचार."