तिरकी रेघ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ एकदा सुरुवात केली होती, जेवताना. तो वर बघायला लागला आणि मी चटणी मागितली. तेव्हा आज तरी नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. एमआरआय, सोनोग्राफी बघून आत काय झालंय ते लिहून देणारी डॉक्टर. आता जळगावला असते. तेव्हा धुळ्यात एका तपासणी केंद्रात होते. तिथे माझं नाव एका गोष्टीसाठी घेतलं जायचं — गुडघ्यातली गादी मोजण्यासाठी. हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो ना, कूर्चा, त्याला लोक गादी म्हणतात. दोन-अडीच मिलिमीटरचा थर. त्यात एका मिलिमीटरचा फरक पडला की उपचार बदलतो. म्हणून मोजायचं तर अचूक मोजायचं, हे मीच सगळ्यांना ऐकवायचे. अजूनही ऐकवते.

एक गोष्ट आधी समजावून सांगते, नाहीतर माझी चूक केवढी ते कळणार नाही. मी यावलची, केळीच्या बागांमध्ये वाढलेली. केळं सरळ आडवं कापलं तर साल पातळ दिसते. तेच तिरकं कापा — साल जाड दिसते. केळं तेच, साल तीच. एमआरआयमध्ये आम्ही गुडघ्याचे असेच काप बघतो. काप हाडाला काटकोनात बसला नाही, तर गादी आहे त्याहून जाड दिसते. शिवाय सांध्यात पाणी झालं असेल तर काही चित्रांत तेही गादीसारखंच उजळ दिसतं. दोन्ही मिळून एकच थर वाटतो. हे मला माहीत नव्हतं का? मी हेच तर शिकवत होते.

रुखमाअक्का साक्रीकडच्या एका डोंगरातल्या गावातून आल्या होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, पाय गुडघ्यात बाहेर वाकलेले. शेत पावसावरचं, बाकीचे महिने मोहाची फुलं, चिंच, चारोळी गोळा करून आठवडे बाजारात विकायची. सोबत त्यांचे यजमान होते, त्यांना सगळे नाना म्हणत. पाय सरळ करून निजायला अक्कांना जमेना. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं. "बाई, आठेच दुखस."

इथेच दुखतं, म्हणत होत्या. मी "हो हो" म्हटलं. ते बोट मला आजही दिसतं — बरोबर त्याच जागी होतं.

मशीन सुरू असताना त्यांचा पाय किंचित फिरला. काप तिरके आले. पुन्हा घ्यायला हवे होते. पण मला घाई होती. त्याच आठवड्यात जळगावला डॉक्टरांच्या सभेत माझं भाषण होतं. विषय? गादीचं अचूक मोजमाप. हसू नका — किंवा हसा. मी पडद्यावर रेघ ओढली, अडीच मिलिमीटर आलं, तेच लिहून दिलं. गादी शाबूत.

इथवर ती चूक होती. चूक कुणाचीही होते. मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

दोन दिवसांनी भाषणाची चित्रं निवडत होते. अक्कांच्या एमआरआयमध्ये गादी फार ठळक दिसत होती, म्हणून तो घेतला. मोठा करून बघितला. रेघ तिरकी होती. निम्मा उजळ भाग पाण्याचा होता. खरी गादी दीड मिलिमीटरही भरली नसती, आणि तीही आतल्या बाजूला खरवडल्यासारखी, जिथे त्यांनी बोट ठेवलं होतं.

मी काय केलं? ते चित्र भाषणातून काढून टाकलं.

फक्त तेवढंच केलं. अक्कांना तपासणीला पाठवणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना एक फोन करायचा होता. तेच डॉक्टर त्या सभेत पुढच्या रांगेत बसणार होते, माझी ओळखही तेच करून देणार होते. त्यांना सांगायचं की माझं माप चुकलं? आत्ता? भाषण होऊ दे, म्हटलं. भाषण झालं, टाळ्या झाल्या. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात करू. मग वाटलं, आता इतके दिवस का थांबलात असं विचारतील. पुढे पुढे मी त्याचा विचारच सोडला. पूर्ण खरं सांगायचं तर सोडला नाही — तो आला की मी उठून दुसरं काम काढायचे.

अक्कांचा वाकलेला पाय सरळ करायचं एक ऑपरेशन त्या डॉक्टरांच्या मनात होतं. झिजलेल्या बाजूवरचा भार कमी झाला की सांधा पुष्कळ वर्षं टिकतो. माझा रिपोर्ट बघून त्यांनी ते रद्द केलं. व्यायाम सांगितला, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं.

दोनेक वर्षांनी अक्का परत आल्या. काठी घेऊन, नानांच्या खांद्याला धरून. जुनी फिल्म नानांनी पिशवीत जपून आणली होती. या वेळी मी स्वतः पाय धरून बसले, काप सरळ घेतले. आतल्या बाजूला गादी उरलीच नव्हती. हाडाला हाड टेकलेलं. बाहेरची बाजूही जायला लागलेली. आता सांधा बदलण्याखेरीज काही उरलं नव्हतं.

अक्का कपडे बदलत असताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, इतके दिवस आला का नाहीत? त्या म्हणाल्या, घरात कुणाला खरं वाटायचं नाही. मशीनमध्ये तर काही निघालं नाही, मग ही कामाला का कुरकुरते? सासू बोलायच्या, जावा बोलायच्या. नानासुद्धा एकदा म्हणाले होते, "तुन्हा गुडघामा काही नही, तुन्हा डोकामा शे." अक्का डोक्यावर ओझं घेऊन बाजाराला जात राहिल्या.

"मंग मी सांगनंच सोडी दिधं," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. पदर नीट केला.

मी बाहेर आले. नाना उभेच होते. वाईट माणूस नव्हता तो. चेहरा उतरला होता. त्यांनी विचारलं, "पहिले तं गादी चांगली व्हती ना, बाई? मंग कशी काय घसनी?"

हीच वेळ होती. तो माणूस समोर उभा राहून मला विचारत होता. चांगली नव्हती, नाना. तेव्हाच झिजली होती, माझं माप चुकलं आणि ते मला कळलंही होतं. एवढंच बोलायचं होतं.

मी म्हटलं, "ओझं वाहिलं, चढ-उतार केली, व्यायाम झाला नसेल — झिजते मग."

नानांनी वळून अक्कांकडे बघितलं. रागाने नाही. अगं, सांगितलेलं ऐकायचं होतंस ना, तसं. आणि अक्कांनी मान खाली घातली.

"बठ्ठी मन्हीच चूक शे, बाई."

मी त्यांना नाही म्हटलं नाही. आत जाऊन रिपोर्ट लिहिला: मागच्या तपासणीच्या तुलनेत गादीची झीज झपाट्याने झालेली आहे. ज्या तपासणीचं माप खोटं आहे हे मला माहीत होतं, तिच्याशीच मी तुलना केली. खाली सही केली. पहिल्या वेळी हात चुकला होता. या वेळी नाही.

त्यांचं ऑपरेशन झालं. गुडघा पूर्ण वाकत नाही, असं त्या डॉक्टरांकडूनच पुढे कळलं. काठी सुटलेली नाही. डोंगर चढणं बंद झालं. काही महिन्यांनी मी जळगावला आले. बदलीचं कारण घरच्यांना वेगळं सांगितलं.

आता माझ्या हाताखालची मुलं म्हणतात, मॅडम फार काटेकोर आहेत. पाय जरासा हलला तरी सगळे काप पुन्हा घ्यायला लावतात. मी त्यांना म्हणू देते.

साक्रीला जाणारी बस इथूनही मिळते. नाना जिवंत आहेत, त्या सासूबाईही असतील. त्या घरात जाऊन दोन वाक्यं बोलायची — अक्का खोटं बोलत नव्हत्या, गुडघा त्यांनी घालवला नाही. मी गेलेले नाही. जाईन, असंही म्हणत नाही. त्या घरात आजही सगळे हेच धरून चालतात की अक्कांनी आपल्या हाताने आपला पाय घालवला. अक्कासुद्धा.