खंडेनवमीची सुई

देसले सर गेल्याचं मला नवागामच्या रिक्षा स्टँडवर कळलं. फोन खिशात टाकला आणि रोजच्यासारखा कॉलेजात गेलो. रडूबिडू आलं नाही. मुलांचं प्रॅक्टिकल होतं, पंप सुरू केला. त्याला आता महिना होऊन गेला.

सर इथे सुरतेत इंजिनीअरिंगच्या मुलांना द्रवयांत्रिकी शिकवायचे, मी त्यांच्या प्रयोगशाळेतला मेकॅनिक. दोघंही धुळ्याकडचे, त्यामुळे वर्गात इंग्रजी, ऑफिसात गुजराती आणि माझ्याशी अहिराणी असा त्यांचा कारभार. त्यांचं सगळं संशोधन एका लांब काचेच्या पाटात झालं. पाटात पाणी सोडायचं, वर बसवलेली पितळी सुई हळूहळू खाली आणायची, टोक पाण्याला जेमतेम शिवलं की पट्टीवर खोली वाचायची; त्याआधी टोक तळाला टेकवून पट्टी शून्य दाखवते ना, ते तपासायचं. पूर पुलाच्या खांबाशी कसा वागतो, हे सर त्या वीतभर पाण्यात शोधत. मी गडबड केली की म्हणत, "तापीले घाई नही, तुले कसानी घाई शे?" वहीत आकडा चुकला तर खोडायचा नाही, खाली बरोबर लिहून सही करायची, ही त्यांची शिस्त.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. एका वर्षी मला भारीच उत्साह! सुईच काढली, चिंचेनं लखलखीत घासली, हळदकुंकू लावून, हार घालून परत बसवली. स्क्रू मात्र पुरता आवळला नाही. सुई रोज केसभर सरकत राहिली आणि आम्ही दोन महिने इमानेइतबारे चुकीचे आकडे लिहीत राहिलो. त्यांवरचा सरांचा निबंध एका मोठ्या नियतकालिकानं स्वीकारलाही. प्रोफेसरपदाची मुलाखत तोंडावर आली होती, तेव्हा तो ढिला स्क्रू सरांना सापडला.

"बापू, सुई कोनी काढेल व्हती?"

मी तेव्हा कंत्राटी होतो, घरी दोन लहान लेकी. म्हटलं, "माले माहीत नही, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं... मग वहीत लिहिलं, 'शून्य तपासलं नाही. चूक माझी.' निबंध मागे घेतला. पद दुसऱ्याला गेलं, सरांना पुढे चार वर्षं थांबावं लागलं. मी कायम झालो, तेही सरांच्याच शिफारशीनं. फार लाज वाटायची, पण मूग गिळून बसलो तो बसलोच. भेकड, दुसरं काय!

सर आजारी पडल्यावर हे सांगायचंच असं ठरवून त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, गावाकडचं बोलणं झालं... तोंडातून शब्द फुटेना. निघालो तर त्यांनीच हाक मारली.

"बापू, यंदा खंडेनवमीले हार घाल. पन सुई नको काढू."

मी उंबऱ्यातच थबकलो. सर हसत होते. मी नुसती मान हलवली.

परवा खंडेनवमी झाली. सुईला जागच्या जागी हार घातला, शून्य तपासलं. मग कपाटातून ती जुनी वही काढली. सरांची ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'सुई मी काढली होती.' आणि सही केली.