मेलेल्याशी सौदा

मधल्या बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा टकटक करायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मेलेला फुकट बोलत नाही, शेठ." मग डोळे उघडायचे ते मेलेल्याचे. आवाज घोगरा, मान थोडी वाकडी. सौंसरच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा, कोपरावर रफू केलेला सदरा घालणारा हा माणूस त्या क्षणी हजार वर्षांपूर्वी बर्फाखाली पुरलेला कोणी दर्यावर्दी असे. आणि मला घाम फुटे. हे आज कबूल करतो. त्यांच्या तोंडावर कधी केले नसते.

मला सरांचा राग आहे. अजून आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज मऊ झाला तर तुम्ही फसणार नाही.

गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची. सरांच्या विलायतेतल्या मेहुण्याने एक खेळ पाठवला होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचे. एकाने जग चालवायचे, बाकीच्यांनी त्या जगातली माणसे व्हायचे, आणि एखादी गोष्ट जमली की फसली ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचे. दर रविवारी दुपारी आम्ही चौघे बसायचो: सर, पोस्टातले बाबू, दवाखान्यातले कंपाउंडर आणि मी. मी पांढुर्ण्याचा संत्र्यांचा व्यापारी. तिगावच्या फलाटावर टोपल्या उचलून सुरुवात केली आणि झाडावरचा माल नुसत्या नजरेने तोलण्यापर्यंत आलो. कोणाच्या मेहेरबानीने नाही. रामाकोन्याकडचे बगीचे पाहायला जाताना एकदा जुन्या ओळखीने सरांकडे चहाला थांबलो आणि अडकलो.

खेळाच्या पुस्तकात मुडदा उठवायचा विधी चार ओळींत आटोपला होता. मंत्र म्हणा, फासा टाका, मुडदा उठला. सर भडकले. "हे काय? बटन दाबलं न् बल्ब लागला! मेलेला माणूस आहे तो, नगरपालिकेची लाइट नाही." त्यांनी दोनशे पानी वही काढली आणि युरोपच्या उत्तरेकडच्या जुन्या, दर्यावर्दी नॉर्स लोकांच्या धाटणीचे विधी स्वतः रचायला घेतले. उंच माचावर बसलेली, हातात काठी घेतलेली म्हातारी. तिच्याभोवती गोल उभ्या राहून गाणाऱ्या बाया, कारण त्यांच्या गाण्याशिवाय मेलेले जवळ येत नाहीत. हाडावर कोरून लाल रंगवलेली अक्षरे. थडग्याच्या टेकाडावर एकट्याने बसून राहणे.

आणि प्रत्येक विधी आधी स्वतः करून पाहायचा, हा त्यांचा हट्ट. टेकाड बर्फाचे, म्हणून कुल्फीवाल्याकडून बर्फाची लादी आणवली, तिच्यावर पोते टाकले आणि अंगणात बसले. मांडीवर घड्याळ. सव्वीस मिनिटांनी बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर आल्या.

"काय करून राहिले तुम्ही?"

"मेलेल्याची वाट पाहून राहिलो."

"मग तसेच बसा अजून अर्धा तास. तोच येईल तुम्हाला न्यायला!"

पुढे आठवडाभर ते वाकून चालत होते. पण वहीत नियम चढला: दर पंचवीस मिनिटांनी फासा, चुकला तर पाय बधिर.

मी घासाघीस करणारा माणूस. खेळातही माझे पात्र व्यापारीच होते, जहाज घेऊन हिंडणारा. मेलेल्याने एका उत्तराचे दोन बैल मागितले की मी एकावर आणायचो. सर मेलेल्याच्या आवाजात चिडायचे, मग स्वतःच्या आवाजात हसायचे. एकदा मी म्हटले, "सर, असा उघडा भाव कोणी बोलते काय? आमच्यात रुमालाखाली होते." आणि दाखवले. दोघांचे हात रुमालाखाली, बोटे धरून भाव सांगायचा, तोंडाने एक शब्द नाही. सौदा तुटला तरी कोणाचा आकडा कोणाला कळत नाही, दोघांचीही इज्जत राहते. आणि रुमालाखालचे जो वर बोलला, त्याच्याशी बाजारात पुन्हा कोणी हात मिळवत नाही.

सर उभेच राहिले. "शेठ, हे तर मातीखालून हात धरण्यासारखं झालं!" दुसऱ्या रविवारी विधी तयार होता. थडग्यावर कापड अंथरायचे, खाली हात घालायचा, मेलेला बोट धरून किंमत सांगतो. करंगळी म्हणजे गुरे, अनामिका चांदी, मधले बोट जहाज, तर्जनी तलवार. वहीत खाली लिहिले होते: 'एका व्यापाऱ्याकडून ऐकले.' एका व्यापाऱ्याकडून! त्यावरून मी दोन रविवार गेलो नाही.

परत गेलो तेव्हा पाचवी किंमत वाढलेली. अंगठा: मेलेल्याला दिलेला आणि न पाळलेला शब्द, तो पाळायचा. मी म्हटले, आमच्या धंद्यात अंगठ्याला भाव नाही. सर म्हणाले, "तुमच्या धंद्यात नसेल."

इथे एक मागची गोष्ट सांगावी लागते. माझे वडील त्याच्या दोन वर्षे आधी गेले. थोरल्या भावाशी, दादाशी, माझे तेव्हाही बोलणे नव्हते. एका लग्नाच्या पंगतीत त्याने पाहुण्यांना माझी ओळख करून दिली होती, "हा आमचा टोपल्या उचलते." दहाव्याला कन्हानच्या काठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. दीड तास. लोक एकेक करून बोलू लागले, आईला सांभाळू, बगीचा विकणार नाही. कावळा झाडावर. शेवटी मी पुढे झालो आणि म्हटले, "बाबा, दादाशी बोलीन." कावळा उतरला. सगळ्यांनी पाहिले. सर तिथेच, लोकांच्या मागे उभे होते.

आणि मी बोललो नव्हतो. दोन वर्षे.

त्या रविवारी माझे पात्र आपल्याच बापाच्या थडग्यावर गेले होते. बर्फातून जहाज काढायची वाट फक्त त्याला ठाऊक. सरांनी टकटक केली. टेबलावर माझाच रुमाल होता. मी हात घातला आणि करंगळी दिली. त्यांनी सोडून दिली. अनामिका, मधले, तर्जनी. सगळी सोडली. मग अंगठा धरला. मी चारही बोटे एकदम दिली. एवढा भाव मी आयुष्यात कोणाला दिला नव्हता. त्यांनी अंगठा सोडला नाही. दाबला नाही, ओढला नाही, नुसता धरून ठेवला. हात कोमट होता. बाबू न् कंपाउंडर चहा पीत बसले होते, त्यांना काहीच कळत नव्हते.

आणि मी ओरडलो, "नाही बोलणार मी दादाशी! मेला तरी नाही बोलणार!"

कंपाउंडरची कपबशी हिंदकळली. मी हात ओढून घेतला. "तुम्हाला माहीत होतं न, सर?"

"होतं," सर म्हणाले, आपल्याच आवाजात. "म्हणून तर खाली विचारलं. वर तुम्ही आणलं, शेठ."

मी चपला घातल्या आणि निघालो. सौंसरच्या स्टँडवर बसची वाट पाहताना एकच विचार डोक्यात ठणकत होता. मी शब्द पाळला नाही, हे याला दादानेच पढवले असणार. पांढुर्ण्याची बस सोडून मी बोरगावची धरली आणि दादाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"तूच शिकवलं न त्या मास्तरला?"

दादा विहिरीवर हातपाय धूत होता. "कोणता मास्तर?" मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "अंदर ये, लोक पाहून राहिले."

आत आम्ही दीड तास भांडलो. पंगतीवरून, बाबांच्या आजारपणावरून, आई कोणाकडे जास्त राहते यावरून. वहिनीने दोनदा येऊन दार लावले, गल्लीत आवाज जाऊ नये म्हणून. शेवटी दादाचा घसा बसला. म्हणाला, "चुकलं माझं त्या दिवशी. पण तू तरी किती फुगशील? जेवून जा आता." मी जेवलो.

परतीच्या बसमध्ये कळले की शब्द पाळून बसलो आहे. तोही सरांच्या किमतीवर, एक पैसा कमी न होता. त्याने माझा राग दुप्पट झाला. ठरवले, जाऊन सांगायचे: बोललो, पण तुमच्या सांगण्याने नाही. मात्र लगेच गेलो असतो तर ते जिंकले असे झाले असते. म्हणून थांबलो. संत्र्यांचा बहार उतरला, माल दिल्लीला गेला, आठ महिने निघून गेले. मुरलेला व्यापारी थांबतो, समोरच्याला आधी येऊ देतो. सरांनी निरोपही पाठवला नाही. तेही थांबले होते, असे मी धरून चाललो.

गेलो तेव्हा त्यांच्या दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी होती, आणि दाराला कुलूप. पोस्टात बाबू भेटले. सरांना जाऊन महिना झाला होता. छातीत दुखायला लागले, नागपूरला नेता नेता वाटेतच. बाई माहेरी गेल्या, खेळाची पेटी, वह्या सगळे सोबत घेऊन.

"मला कळवता नाही आलं?" मी बाबूंवर ओरडलो. खिडकीपाशी तिकिटे घेणारे वळून पाहू लागले.

"तुम्ही यायचं सोडलं, शेठ," बाबू म्हणाले. "आम्ही मात्र दर रविवारी नुसते चहा पिऊन घरी. खेळ पुढे नेलाच नाही न सरांनी. आम्ही म्हटलं, शेठचं जहाज सोडा, आपण दुसरं चालू करू. ते म्हणत, असं कसं? शेठची पाळी आहे."

"मग लिहून घ्या," मी म्हटले. "बोललो मी दादाशी."

बाबूंनी शिक्का खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि खिडकीतून एक कोरा मनिऑर्डरचा फॉर्म पुढे सरकवला. "तुम्हीच लिहा, शेठ." मी तो हातात घेऊन बराच वेळ रांग अडवून उभा होतो. पाठवणाऱ्याचे नाव मी भरले होते; घेणाऱ्याचा रकाना कोराच होता.