रक्ताची इर्जिक

तुमचं रक्त कुणी तपासायला नेलं, त्यात काय निघालं ते परदेशातल्या परिषदेला कळवलं आणि तुम्हांला मात्र कळवलं नाही, तर त्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? उत्तर द्यायच्या आधी एवढं ऐका, की तो माणूस मी आहे.

वेल्ह्याहून स्वारगेटची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत आईनं बांधून दिलेला तांदूळ होता आणि फाइलमध्ये आरोग्य संशोधकांच्या फेलोशिपचं पत्र. पुढं हैदराबाद. तीन वर्षं प्रशिक्षण, स्वतःच्या अभ्यासाला अनुदान, परिषदांना जायची संधी. गुंजवणी धरणाच्या वरल्या अंगाच्या आमच्या वाडीतून असल्या पत्रावर बाहेर पडलेली मी पहिलीच. आण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीखाली उभे होते. जमीन धरणात गेल्यापासून त्यांनी धरणग्रस्तांची पत्रकंच वाटली. मी अक्षरं शिकले तीही त्याच पत्रकांवरून. रडणं त्यांना जमत नाही. एवढंच म्हणाले, "सही करायच्या आदी कागद पालथा करून बग. खरी अट मागं आसती."

मी कागद पालथा केला. मागं लिहिलं होतं, की अभ्यासाची माहिती संस्थेची; मार्गदर्शकांच्या परवानगीशिवाय निकाल बाहेर सांगायचा नाही. वाचलं, समजलं आणि सही केली. मला फसवलं असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवलेली नाही.

अनुदानाच्या अर्जात एक चौकोन असतो. लोकांचा सहभाग कसा मिळवाल, दोनशे शब्दांत सांगा. बाकीचे फेलो तिथं अडतात. मी इर्जिकीबद्दल लिहिलं. आमच्याकडं भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, आज सगळी वाडी एकाच्या शेतात उतरते, उद्या तो सगळ्यांच्या शेतात जातो. मजुरी नाही, दिवसाला दिवस. निवड समितीला ते फार आवडलं. अनुदान मिळालं.

विषय आमच्याच चिखलातला घेतला. आवणीत बायका दिवसभर अनवाणी चिखलात उभ्या असतात, पायांना चिरा पडतात, मग घरोघरी ताप येतो. तो उंदरांच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टो आहे का, ते रक्तावरून कळतं. गेल्या आवणीत मी टीम घेऊन वाडीत गेले. ऐन हंगामात कोण कशाला दिवस मोडेल? पण आई घरोघर फिरली. "माज्या पोरीची इर्जिक हाय, चला." बायका आल्या, देवळात ओळीनं बसल्या, दंड पुढं केले. माझी चुलती सुमनकाकी सुई टोचतानाही बोलत होती. "नीट काढ गं. भाकर खाऊन केलेलं रगत हाय, सांडू नगंस."

मी संमतीपत्र वाचायला लागले तर म्हणाली, "त्ये ऱ्हाऊ दे. अंगठा कुठं करू?"

त्यांच्या लेखी करार आधीच झाला होता. आज त्या माझ्या कामाला, उद्या मी त्यांच्या. ही समजूत चुकीची आहे हे मला तिथंच कळलं होतं. संशोधनात परतफेडीचा दिवस नसतो. देणारा देतो, नेणारा नेतो. तरी मी पुढचा दंड धरला. संध्याकाळच्या आत मला नमुने पुरे करायचे होते.

निकाल येऊन आता कितीतरी महिने झाले. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, पेपर छापून येऊ दे, मग गावात कार्यक्रम घेऊ. त्या वाईट नाहीत. त्यांच्या वरही कुणाच्या तरी अटी आहेत. दर सोमवारी मेल येतो. नवी प्रशिक्षणं, नवी अनुदानं, नव्या परिषदा. पूर्वी तो उघडताना मला हुरूप यायचा. आता कळलंय, की पुढच्या प्रत्येक संधीला लागणारं शिफारसपत्र मॅडमच्याच टेबलावरून निघतं, म्हणून या टेबलासमोर तोंड उघडायचं नाही. सातवीत असताना तलाठ्याला उलट उत्तर देणारी मी मीटिंगमध्ये "शुअर मॅम" म्हणते आणि वहीत मान घालते.

युरोपातल्या परिषदेनं माझ्या निकालांचं पोस्टर स्वीकारलंय. ट्रॅव्हल ग्रँटही आहे. तारखा नेमक्या आवणीतल्या. पोस्टरच्या मधोमध चिरलेल्या पायांचा फोटो आहे. ते पाय सुमनकाकीचे. फोनवर सांगितलं तर हसली.

"माजं पाय इमानानं निगालं व्हय? हितं मला बाजाराला जायला जीप गावत न्हाई." मग म्हणाली, "त्ये जाऊ दे. रगतात काय निगालं? मागल्या साली भोरच्या दवाखान्यात आठ दिस पडून व्हते. यंदा चिखलात उतरू का नगं, तेवडं सांग."

"रिपोर्ट अजून यायचाय, काकी."

रिपोर्ट माझ्यासमोर लॅपटॉपवर उघडा होता.

"बरं बाई," ती म्हणाली. "तुजी इर्जिक उरकली. आता आमच्या वावरात कवा येतीस, बग."

त्यात काय आहे ते मी इथंही लिहीत नाही. लिहिलं तर मी बाहेर आणि सगळं काम संस्थेकडं. भित्री म्हणा, चालेल. पण एक गोष्ट सांगायला मला कुणीही बंदी केलेली नाही. संमतीपत्राच्या तळाला एक ओळ आहे. रक्त देणाऱ्यानं लेखी मागितला, तर त्याचा स्वतःचा रिपोर्ट त्याला द्यावाच लागतो. देवळात ती ओळ मी घाईनं वाचली. कुणी ऐकली नाही, आणि मला ते सोयीचं होतं. आता अर्ज आले, की हे कुणी सुचवलं ते मॅडमना लगेच कळेल. कळू दे.

घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की मी गावाचं नाव सांगायचे. आता वाटतं, माझ्याकडं दिवस मागायचा ज्यांना हक्क आहे ती माणसं म्हणजे माझं घर. तर बायांनो, मागा. आणि भोर-वेल्ह्यातल्या शिकलेल्या पोरापोरींनो, रोपं अजून वाफ्यात आहेत तोवर या रविवारी आमच्या वाडीत जा. संमतीपत्राची प्रत प्रत्येक घरात आहे, तिच्यावर संस्थेचा पत्ता आहे. एकेकीपाशी बसून अर्ज लिहून द्या. पहिला सुमनकाकीचा लिहा, आणि ती चिखलात उतरायच्या आत पोस्टात टाका.