फाट्यावरचे दोन निवारे

आमच्या फाट्यावर एसटीचे दोन निवारे शेजारी शेजारी आहेत. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत फेरमोजणीवरून डोकी फुटली, तेव्हा हरलेल्यांनी रागाने आपला वेगळा निवारा बांधला. त्याचे पत्रे वादळात उडाले. आज माझी सख्खी काकू त्याच उघड्या सांगाड्याखाली भर उन्हात उभी होती.

“काकू, इकडे सावलीत ये की.”

“तो तुमचा आहे.”

आमच्या भावकीत आता एकमेकांचं सुतकही पाळत नाहीत. त्या दोन उमेदवारांचं काय बिघडलं? दोघे कधीचेच एका पक्षात गेलेत. तेवढ्यात त्यांची गाडी गेली, दोघेही मागच्या सीटवर खिदळत होते. धूळ आमच्या अंगावर आली. काकूने पदराने तोंड पुसलं आणि खाऊ की गिळू अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.