हवालदारांची चौकशी

पौडच्या ठाण्यातले हवालदार आमच्या दवाखान्यात अधूनमधून येत. "न्हाई, आपलं इचारतो," म्हणून ते प्रश्न सुरू करत आणि प्रश्न विचारून झाला की समोरच्याकडे न पाहता अंगणातल्या आंब्याकडे पाहत. त्यामुळे उत्तर देणाऱ्याला अवघडायला होत नसे.

त्या वर्षी आमच्याकडे एक बेल्जियन नर्स होती. आली पर्यटक म्हणून आणि कामात रमली. तिचा व्हिसा संपत आला होता. जास्त मागितले तर नकार येईल, या भीतीने मी तीनच महिन्यांची मुदतवाढ मागितली होती. तीही हवालदारांच्या चौकशीवर अवलंबून होती. ते आले तेव्हा ती डोंगरावरच्या वाडीत एका बाईचे बाळंतपण करायला गेली होती.

"मग तितंच जाऊ," ते म्हणाले. चैत्रातल्या उन्हात आम्ही चढलो.

खोपटाच्या दारात तिने त्यांच्या हातात रिकामी कळशी दिली आणि झऱ्याकडे बोट दाखवले. ते निमूट पाणी घेऊन आले.

"हवालदार, आता चूलबी फुका की!" बायका हसल्या.

बाळ रडल्यावर त्यांनी घरच्या म्हातारीला विचारले, "न्हाई, आपलं इचारतो, ही मडम जाणार कवा?"

"जाती कशाला? माज्या धाकल्या सुनंचं दिवाळीला हाय."

उतरताना ते मला म्हणाले, "बाई, तीन महिन्यांत दिवाळी कशी बसायची? वर्साचा अर्ज करा."

मी तिथेच दगडावर बसून तो लिहिला.